सासऱ्यांच्या टोपीवरचे तीन दोरे

तीन वर्षं! या तीन वर्षांत कन्नडच्या अलीकडच्या तलावावर मी इतक्या वेळा दोरी फेकली, की पाण्याच्या पाठीवर वळ उठले असतील. मासा मात्र एकही नाही. बोटाएवढासुद्धा नाही.

आधी हा उद्योग काय आहे ते सांगतो. बारक्या आकड्यावर पिसं आणि दोरा बांधून खोटा किडा करायचा, लवचीक काठीनं तो लांब पाण्यात फेकायचा आणि माशानं तो खरा समजून खावा अशी आशा करत उभं राहायचं. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात हे करणारे आम्ही अडीच जण आहोत. अर्धा तो, ज्यानं काठी अजून खोक्यातून काढलेली नाही. क्रांती चौकामागच्या चिकनवाल्याला मी "मांस राहू द्या, मानेची पिसं द्या" म्हणतो, तेव्हा तो सगळी गिऱ्हाइकं थांबवून मला आधी वाटेला लावतो.

माझे सासरे कन्नडकडचे शेतकरी. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर पांढरी टोपी. कणकेचा गोळा गळाला लावून ते चहा निवेपर्यंत चार चिलापी काढतात. शेजारी मी उभा, जरीकाम करणाऱ्या कारागिरासारखी बोटं चालवत.

"जावईबापू," ते म्हणतात, "मासा कणीक खातोय. तुम्ही त्याला पिसं कशापायी चारताय? त्याला काय उशी शिवायचीय?"

गेल्या खेपेला त्यांनी सगळ्यांच्या देखत निकाल दिला. "पुढच्या फेरीला एक मासा दाखवा. नायतर ती काठी इथंच ठिवा. चिंचा पाडायला लई झकास हाय."

"ठरलं!" हे मी नाही म्हणालो, बायको म्हणाली. ती काठी भाच्यानं परदेशातून कपड्यांत गुंडाळून आणली होती. मी तिला बायकोच्या पैठणीपेक्षा जपतो आणि हे बायकोला ठाऊक आहे.

पहिल्या वर्षापासून मला फक्त एकच गोष्ट कळायला हवी होती. सकाळी त्या तलावावर जे पांढरं, तिळाएवढं पाखरू उडतं ते कोणतं? मासे त्याचीच पिल्लं खात असणार आणि तसाच आकडा बांधायला हवा. आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना आपा म्हणते. मी बडीशेपेच्या डबीतून चार पाखरं त्यांच्याकडं नेली.

त्यांनी भिंगातून पाहिलं. "मेफ्लाय आहे. पण भाईजान, दुम कहाँ है? शेपटीला दोरे असतात, केसासारखे. सगळे मोडलेत. दोन होते का तीन?"

"आपा, अंदाजे सांगा ना."

"अंदाज हवामानवाले सांगतात. दुम के बगैर नाम कैसा?"

दुसऱ्या खेपेला मी पाखरं लोणच्याच्या बरणीतून नेली, तेल पुसायचं राहिलं होतं. आपांनी बरणीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "हे मुरलंय." तिसऱ्या खेपेला शेपट्या मोडू नयेत म्हणून खोबरेल वापरलं. तेल गोठलं आणि पाखरू साबणाच्या वडीतल्या मुंगीसारखं आत अडकलं. आता माझं डोकं फिरलं. "आपा, त्या किड्याला तरी त्याचं लॅटिन नाव माहीत आहे का?"

"त्याला गरज नाही. तुम्हाला आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाव म्हणजे नुसती हाक नव्हे. नाव कळलं की पिल्लू कुठं राहतं, पोहतं का रांगतं, सगळं आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेलं मिळतं. नाव नसेल तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून."

मी काय केलं? मी स्वतःच ठरवून टाकलं की दोरे दोन. पुस्तकात दोन दोऱ्यांचं नाव क्लोइऑन असं होतं आणि त्याचं पिल्लू माशासारखं झटके देत पोहतं. डबीवर झोकात नाव लिहिलं आणि आकडा पाण्यात झटके देत नाचवू लागलो. असा नाचवला की वरातीलाही लाज वाटावी. माशांनी पाहिलंसुद्धा नाही.

सासऱ्यांनी ठरवलेल्या फेरीचा दिवस उजाडला. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. मी नाचवतोय, सासरे चिलापी काढतायत, बायको मागं बसून माझ्या काठीकडं आणि चिंचेच्या झाडाकडं आळीपाळीनं बघतेय. एवढ्यात पाखरं उठली. हजारो! मी म्हणतो लाखो. आणि ती सगळी सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर जाऊन बसली. बसून कात टाकू लागली. आणि शेपट्या शाबूत!

"मामा, हलू नका!"

मी भिंग काढून त्यांच्या डोक्यावर वाकलो.

"जावईबापू, उवा बघताय व्हय?"

"शेपट्या मोजतोय."

"माझ्या डोस्क्यावर?"

मी एका हातानं आपांना व्हिडिओ कॉल लावला. रेंजची एकच दांडी. "आपा, तीन! तीन दोरे! पंख दोनच, रुंद!"

"खानदान कळलं," आपा म्हणाल्या. "सीनिडी. पुढचं नाव नमुना स्पिरिटमध्ये आणाल तेव्हा. पण भाईजान, याचं पिल्लू पोहत नाही. तळाच्या गाळात रांगतं, हळूहळू. तुम्ही त्याला नाचवत होतात का?"

उत्तर मागून बायकोनं दिलं. "तीन वर्षं!"

मी सगळ्यात बारका, मातकट आकडा बांधला. पाण्यात सोडला, तळाला जाऊ दिला आणि चिकटलेला च्युइंगम ओढावा तसा इंच इंच ओढू लागलो. चौथ्या इंचाला दोरी ताठ झाली.

चिलापी. तळहाताएवढी. माझ्या नोकरीच्या ठिकाणी, बिडकीनच्या कंपनीत मी ती कोपरापर्यंत सांगितली आहे, पण इथं खरं लिहितो.

सासऱ्यांनी माशाकडं पाहिलंच नाही. टोपी जपून काढली, भिंग माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ मोजत बसले. मग म्हणाले, "तीन दोऱ्याचं रांगतं. आन् दोनाचं?"

"झटके देत पोहतं."

"बरं हाय. द्या ती काठी इकडं, बघू."

तेवढंच. काठी आजही कन्नडला आहे. मी जिंकलो, म्हणून ती गेली. हरलो असतो तर निदान चिंचेच्या मोसमापुरतीच गेली असती. आता चिंचांना बांबू आहे आणि काठी माशांसाठी.

आता एसटीच्या कंडक्टरकडून दर आठवड्याला सासऱ्यांनी धाडलेली स्पिरिटची बाटली येते, शेपट्या शाबूत असलेल्या पाखरांची. आपा त्यांना दुसऱ्या दिवशी उत्तर देतात. मला तीन वर्षं लागली होती! "आपके ससुर का काम साफ है," असंही वर ऐकवतात.

आणि मी बिडकीनला शिफ्टवर असताना ऐन जेवणात फोन येतो. "जावईबापू, आज दोन दोऱ्याचं आलंय. झटका कसा देता, दावा बरं."

मी पोळी खाली ठेवतो, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतो आणि सगळ्या कँटीनसमोर रिकाम्या हातानं झटके देतो.