अर्धा ग्रॅम पावडर घेऊन मुलुंड ते अंधेरी

मुलुंड ते अंधेरी, याचं कसलं आलंय प्रवासवर्णन, असं म्हणाल. पण माझ्या पर्समध्ये अर्धा ग्रॅम पांढरी पावडर होती आणि पीएचडीची तीन वर्षं तिच्यावर टांगलेली होती.

पावडर म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली जाळी, आतून नुसती भोकं. झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू कशाशी सहसा प्रक्रियाच करत नाहीत, त्यामुळे त्यांना वेगळं करणं महाकठीण. मी कॉम्प्युटरवर भोकं अशी आखली की झेनॉन आत घट्ट बसावा आणि क्रिप्टॉन निसटून जावा. मैत्रिणीने ती जाळी बनवली, कोरडी ठणठणीत केली आणि बाटलीत बंद करून दिली. कुठला वायू किती धरला जातो ते मोजायचं मशीन मात्र अंधेरीत.

निघताना बाबांनी अडवलं. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी मला शिकवलंय. "गो, माका बघूक तरी दी." बाटली उघडली. मग त्यांचा चष्मा सापडेना. शोधाशोधीत अर्धा तास गेला, बाटली ओट्यावर उघडीच, बाहेर ऑगस्टची चिकट हवा. चष्मा लावून म्हणाले, "ह्या एवढुशा पिठाक तीन वर्षां?" ह्या पावडरीला दमट हवा चालत नाही, हे मला माहीत होतं. तरी उघडली.

घाटकोपरपर्यंत बसने या. रस्ता कुठे ना कुठे खोदलेला असतोच, तासभर धरा. पुढे मेट्रो. तिथल्या तपासणीत बाईंनी विचारलं, "बाटलीत काय?"

"पावडर."

"अहो मॅडम, असं बोलू नका ना!"

कॉलेजचं पत्र दाखवून सुटले. चकाल्याला उतरून एमआयडीसीपर्यंत रिक्षा, किमान भाड्यात. कोपऱ्यावरच्या टपरीत उसळपाव झकास मिळतो.

मशीन चालवणाऱ्या सावंत मॅडमनी पावडर रात्रभर निर्वातात तापत ठेवली. दुसऱ्या दिवशी परत तोच रस्ता, तेच खड्डे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "दोन्ही वायू सारखेच निसटतायत गं. जाळी आतून कोसळलीय. ओली झालेली का?"

मला रडूच आलं. तीन वर्षं आखणीत दोन वायू घेतले, पण पाण्याचा विचारच केला नाही. शेवटी जाळी वापरायची कारखान्यात, आणि कुठल्याही कारखान्यात थोडी ओल शिरणारच ना!

बाबा दारातच उभे होते. "माझ्यामुळा बिघडला काय गो?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो बाबा. पण चूक माझी. ओल सोसेल अशी जाळी मी आखलीच नव्हती."

ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "फुडच्या टायमाक बाटलीच्या काचेतनाच बघतंय."

"नाही," मी म्हटलं. "उघडूनच दाखवणार. तू फक्त चष्मा आधी शोधून ठेव."