वरकुट्याची जमीन आणि तात्यांचा बांध

मित्रहो, उसाच्या पात्याने आज सकाळी माझ्या नासिकेवर जो शस्त्रप्रयोग केला, त्याचा मी जाहीर निषेध करतो.

झालं असं, की निवृत्तीनंतर घर बांधायचं म्हणून वरकुट्याला जमीन पाहायला गेलो होतो. जमीन सुरेख, विहिरीला पाणी. फक्त तिथं पोचायला शेजारच्या तात्यांच्या उसातून, बांधावरून जावं लागतं.

जमीन विकणारे आबा म्हणाले, "वाटंची काळजी सोडा, गुरुजी. आमी जन्मभर हितनंच जातोय."

तात्या बांधावरच बसले होते. त्यांनाच विचारलं, "उद्या मलाही जाऊ द्याल ना?"

"जावा की. माणसाला कोण अडवतंय?"

"आणि विटांचा ट्रॅक्टर?"

"ऊस तुटला की न्या रानातनं. पण लिहून मागू नका बरं का. आबालाबी कदी लिहून दिलं न्हाय. आमी बोललो म्हंजी झालं."

सातबाऱ्यावर आणि नकाशावर या वाटेचा मागमूस नाही. लेखी मागावं, तर तात्यांचा अपमान आणि शेजार सुरू होण्याआधीच संपला.

तुमच्यापैकी कुणी अशी जमीन घेतली असेल तर सांगा, काय केलंत?

तात्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते आता थकलेत, मुलं पुण्याला असतात, आणि त्या मुलांनी मला कसलाही शब्द दिलेला नाही. खरी भीती तीच आहे.