केलर साहेबांचा भाऊबंद

हसायचं नाही, आधीच बजावून ठेवतो! माझ्या आगाऊपणापायी एक गोरा माणूस मरता मरता राहिला.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. परळला गिरण्यांना रंग पुरवणाऱ्या एका स्विस कंपनीत मी टायपिस्ट होतो. आमचे केलर साहेब म्हणजे देवमाणूस, पण एका वेडाने झपाटलेले. सहाशे वर्षांपूर्वी त्यांचा कोणी मूळपुरुष होता म्हणे, डोंगरातल्या गावात मोठी जमीन राखून असलेला. तो नेमका कोण, हे विचारत साहेब तिकडच्या, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या चर्चना पत्रं धाडायचे. टाइप कोण करणार? मीच!

आता मला सांगा, आपल्याकडे वंशावळ कधी काढतात? जमिनीचा दावा लागला की! कणकवलीच्या एका फणसापायी आमच्या बाबांनी चुलतभावाचं तोंड पाहिलं नव्हतं. साहेबांचंही भाऊबंदकीचं लचांड असणार, हे मी मनाशी पक्कं केलं. विचारायची काय हिंमत!

आणि एका दुपारी तो आला. बाहेर हरताळ, रस्ताभर दगड, नाक्यावर पोलिसांच्या गाड्या. आणि दारात हा उंचापुरा गोरा, घामाघूम.

"मीही केलर. आमच्या मूळपुरुषाच्या जमिनीचे कागद आणलेत."

भाऊबंद थेट दारात, आणि साहेब आत एकटे!

"साहेब नाहीत," मी म्हटलं.

"कधी येतील?"

"येणारच नाहीत. गावी गेलेत."

बिचारा जिना उतरून गेला. आणि मी? छाती फुगवून बसलो की हो!

थोड्याच वेळात बाहेर फाट फाट आवाज. अश्रुधूर! साहेब खोलीतून धावत आले.

"परब, कोणी आलं होतं? माझा चुलतभाऊ आज बोटीतून उतरलाय. आम्ही दोघं मिळून शोधत होतो, त्याला अखेर आमचा मूळपुरुष सापडला!"

"आणि... जमीन?"

"ती शेकडो वर्षांपूर्वीच गेली रे! आम्हाला नुसतं नाव हवंय."

नुसतं नाव? मेलो! "कोणी नाही आलं साहेब," माझं तोंड आपोआप बोलून गेलं.

तेवढ्यात आमचा शिपाई धोंडू धापा टाकत वर आला. "परबांनु, नाक्यार गोळी चालली! कोण तरी गोरो पडलो म्हणतत!"

देवा रवळनाथा! मी जिन्यापर्यंत गेलो, पण तसाच परत फिरून माझ्या खुर्चीमागच्या माठातलं पाणी घटाघट प्यायलो. नोकरी गेली, आता फाशीच! घरी बायको पोटुशी. साहेब खिडकीला चिकटलेले, आणि मी टाइपरायटरवर एकच अक्षर बडवत बसलेला.

दिवेलागणीला दोन गिरणी कामगारांनी त्याला धरून वर आणलं. शर्ट फाटलेला, डोळे सुजलेले, पाय मुरगळलेला. पण जिवंत! पळताना घसरून पडला होता, गोळी-बिळी काही नाही.

साहेबांनी त्याला मिठीच मारली. "अरे, पण तू वर का नाही आलास?"

धुराने त्याचा घसा पार बसलेला. त्याने कशीबशी मान उचलली आणि बोट सरळ माझ्याकडे रोखलं.

संपलं! मी धाडकन साहेबांच्या पायांवर. "मीच हाकललं साहेब! मला वाटलं भाऊबंद जमीन लाटायला आलाय! तुम्ही गावी गेलात म्हणून खोटं सांगितलं! कोणी आलं नाही म्हटलं तेही खोटं! नोकरी घेऊ नका हो!"

साहेब तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघतायत.

धोंडू वाकून माझ्या कानाशी पुटपुटला, "परबांनु, जरा बाजूक व्हा. तो तुमच्या मागच्या माठाकडे बोट दाखवता. पाणी होया त्याका."