डेअरीतल्या दोन नेटवर्कांचा पूल

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण गावच्या दूध डेअरीचा चेअरमन मीच. पुढच्या खोलीत दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्राचा कॉम्प्युटर होता, मागच्या खोलीत दूध गार ठेवणाऱ्या टाकीचा. दोघांचं नेटवर्क वेगळं. पुढच्या खोलीत काम करणारी माझी पुतणी एकदा संध्याकाळी म्हणाली, “आप्पा, मधी एक कॉम्प्युटर ठिवून त्यात सॉफ्टवेअरचा पूल टाकलाय. आता दोन्ही नेटवर्क जोडली.”

“म्हंजी टाकीवर बसलेला तुझा भाऊ फॅटच्या कॉम्प्युटरात शिरनार?”

“त्याला नुसतं दिसंल. आकडा बदलायला पासवर्ड लागतो.”

“आन् पासवर्ड कुनाकडं?”

“माझ्याकडं. माझ्यावर बी इश्वास न्हाई व्हय?”

पोरगी फणकारली ते दिसलं. पण सख्खी भावंडं दोन्ही टोकांना बसलेली, दुधाचा भाव फॅटवर ठरणार, आणि एक आकडा जरी हलला तरी गाव चोर मलाच म्हणणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू घेऊन यंत्राशेजारी उभा राहिलो. यंत्रावर दिसेल ती प्रत्येकाच्या दुधाची फॅट मोठ्यानं वाचली आणि दूध घालायला आलेल्यांच्या रांगेसमोरच्या फळ्यावर लिहिली. पहिली माझ्याच म्हशीची.