जिथे कोणी राहत नाही

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या त्या घरात आम्ही दोघीच टिकून होतो. मी पुण्याहून आयटीचं मास्टर्स करायला आलेली, ती फिलिपिन्सहून नर्सिंग शिकायला. बाकीच्या खोल्यांत दर सेमिस्टरला नवे चेहरे यायचे. तेव्हा सिडनीत विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती.

त्या वर्षी सुट्टीत आईला घेऊन आपला देश बघायचा, असं तिने ठरवलं. हजारो बेटांचा देश, त्यातली बरीच तिने पाहिली असतील असा माझा समज. तिने दोनच पाहिली होती. एक स्वतःचं आणि दुसरं, जिथून विमानात बसली ते.

"आमची माणसं कामाला परदेशी जातात," ती म्हणाली, "आणि आमचा देश बघायला परदेशी लोक येतात."

सेकंडहँड दुकानातून तिने एक जाडजूड गाइडबुक आणलं. रविवारी दुपारी किचनमध्ये बसून ती आपलं बेट शोधत होती. मी कांदा चिरत होते. मागे बघितलं, तर तिचं बोट एका फोटोवर थांबलं होतं. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. पांढरी वाळू, निळं पाणी, आणि खाली लिहिलेलं: निर्जन बेट.

"माझी आई राहते तिथे," ती म्हणाली. "आत्ता, या क्षणी."

तिने लगेच फोन लावला. आई शांतपणे म्हणाली, हो, टेकडीपलीकडच्या किनाऱ्यावर बोटी येतात. बोटीवाल्यांनी गावाला सांगितलंय, दिवसा तिकडे फिरकू नका, जाळी पसरू नका, फोटोत येता. हे गेली काही वर्षं चालू होतं. अभ्यासात लक्ष लागणार नाही म्हणून लेकीला सांगितलं नव्हतं. फोन ठेवून तिने ते गाइडबुक मिटलं.

मग ती दुसरं पुस्तक शोधायला लागली. फिलिपिनो किराणा दुकानात, सुक्या मासळीच्या पाकिटांशेजारी, तिला एक छोटं पुस्तक मिळालं. फिलिपिन्समधल्याच काही हौशी भटक्यांनी लिहिलेलं. गावकऱ्यांची बोट कुठून सुटते, जेवायला कुणाकडे जायचं, फोटो काढण्याआधी कुणाला विचारायचं, असं सगळं त्यात होतं. तिचं बेट मात्र त्यातही नव्हतं.

तेच पुस्तक घेऊन मायलेकी फिरल्या. डोंगरउतारावरची भातखाचरं बघितली, गुहा बघितल्या. शेवटी आई म्हणाली, आता आपलं बेट लोकांना कसं दाखवतात ते बघू. म्हणून दोघी घरी निघाल्या त्या टूरिस्ट बोटीने, तिकीट काढून.

पुढचं तिने मला परत आल्यावर सांगितलं. बोटीवरचे बाकीचे प्रवासीही तिच्याच देशाचे होते, राजधानीतले. बेट जवळ आलं तसा गाइड सांगायला लागला, इथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही. आई उठून उभी राहिली आणि नारळांच्या वर बोट दाखवून म्हणाली, "मग तो धूर कुणाच्या चुलीचा?"

बोट वाळूला लागली. आई उतरली आणि सरळ टेकडी चढायला लागली. एकेक करत सगळे तिच्या मागे निघाले. पलीकडे चर्च होतं, शाळा होती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. प्रवाशांतली एक बाई वाळणाऱ्या कपड्यांपाशी थांबली. "आम्ही तिसऱ्यांदा येतोय इथे," ती पुटपुटत राहिली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकांनी जाळी उचलली आणि त्या पांढऱ्या वाळूवर नेऊन पसरली. बोटी आल्या. पण जाळी कुणी हटवली नाहीत. त्या दिवसापासून जाळी तिथेच वाळतात.

आईला मात्र फिरण्याची चटक लागली. आता ती गावातल्या दोघी-तिघींना घेऊन कुठल्याही बेटावर निघते आणि लेकीला फोन करते तो घरी परतल्यावर. इकडे माझी मैत्रीण तिला दर वेळी बजावते, निघण्याआधी सांगत जा. आई हो म्हणते.