मानेवरची तिरकी रेघ

सलूनवाल्या भाऊंना माणसं मागून ओळखू येत. समोरून कुणी नमस्कार केला की ते गोंधळून नुसती मान डोलवत. तो माणूस चार पावलं पुढे गेला, की वळून बघत आणि म्हणत, "अरेच्चा, हे तर बँकेतले साहेब!" यात त्यांचा तरी काय दोष? बावीस वर्षं माणसांच्या पाठीमागे उभं राहून काढलेली. चेहरा बघायचा तो आरशात, आणि आरशात भांगसुद्धा उलट्या बाजूला. त्यांची बायको तर चारचौघांत सांगे, "आमची पहिली भेट झाली तेव्हा हे माझ्या वेणीशीच बोलत होते. मी वळले, तर दचकले."

सलून तसं लहान. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय तुटलेला, म्हणून तिच्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या. भिंतीला लागून एक बाक आणि त्या बाकावर एक पेन्शनर. पेन्शनरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण रोज सकाळी दहाला ते हजर. त्यांना पेपर वाचायचा असे आणि पेपरात न आलेलं ऐकायचं असे. कुणाचा जावई रुसून बसलाय, कोण साठीला केस काळे करू लागलाय आणि कुणासाठी, सगळं त्या खोलीत कळे. भाऊ ऐकत आणि पोटात ठेवत. त्यांचं पोट सुटलं होतं ते त्यामुळेच, असं पेन्शनरांचं मत.

भाऊंचा एकच नियम होता. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे काही मागायचं नाही. ज्या मामानं त्यांना हातात कातर धरायला शिकवलं, त्यानंच हा नियम पहिल्या दिवशी सांगितला होता. "गळ्याभोवती कापड, मानेवर वस्तरा, आणि अशा वेळी तू म्हणणार, साहेब, एक काम होतं. अरे, ते मागणं नव्हे, ती धमकी झाली." भाऊंनी हा नियम बावीस वर्षं पाळला. त्यांच्या खुर्चीत वकील बसून गेले, डॉक्टर बसून गेले, नळखात्याचे मोठे अधिकारी दर महिन्याला बसत, आणि भाऊंच्या घरचा नळ तीन वर्षं करंगळीएवढा वाहत होता.

हा नियम त्यांना नडला तो मुलीच्या वेळी.

मुलगी पंधरा वर्षांची. घरात तिला टकळी म्हणत. ती जन्मली तेव्हा रडली नाही, भाषण केलं, असं तिची आत्या सांगते. आत्या जरा वाढवूनच सांगते, पण फार नाही. टकळीला नाटकाचं वेड. पेन्शनरांचा खोकला, मुख्याध्यापिकाबाईंची चाल, सगळं तिच्या अंगात येई. तिची आई दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसे. "पुढे या, पुढे या. नाव? वय? काय होतंय?" हा आईचा आवाज टकळीनं स्वयंपाकघरातून काढला, की बाहेरच्या खोलीत खुद्द आईच दचके.

नववीच्या मुलांनी दहा दिवस कुठंतरी खरं काम करून यायचं, असं शाळेनं ठरवलं होतं. कार्यानुभव. त्याचा एक फॉर्म होता: कामाचं ठिकाण, कामाचं स्वरूप, प्रमुखांची सही. शुक्रवारपर्यंत भरून दिला नाही तर शाळा आपल्या मनानं पाठवणार, आणि शाळेचं मन नेहमी कोपऱ्यावरच्या टाइल्सच्या दुकानाकडे धावे. मागच्या वर्षी गेलेल्या एका मुलीनं तिथे दहा दिवस नमुन्यांवरची धूळ पुसली. ती अजून कुणाच्याही घरी गेली की आधी जमिनीकडे बघते.

टकळीला नाट्यगृहात जायचं होतं. त्यावर आईनं आपली अट घातली. "वेड खरं आहे की नुसतं तोंड चालतंय, ते कळू दे. नाट्यगृहात दहा दिवस काढलेस, तर तिथल्या नाट्यवर्गात तुझं नाव घालू. आणि जागाच नाही मिळाली, तर हा विषय बंद. मग गणिताची शिकवणी." आई खिडकीवरची बाई. तिनं एकदा 'पुढचा' म्हटलं की मागचा संपला.

आता नाट्यगृहाचे मॅनेजर दर दुसऱ्या मंगळवारी भाऊंच्या खुर्चीत बसत. म्हणजे काम झाल्यातच जमा, असं तुम्हाला वाटेल. टकळीलाही वाटलं.

मंगळवारी मॅनेजर आले, बसले. भाऊंनी कापड बांधलं. पेन्शनरांना घरातून आधीच पढवून ठेवलेलं. ते खाकरले.

"हल्ली शाळावाले पोरांना कुठेकुठे कामाला पाठवतात, नाही भाऊ?"

"हो का?" मॅनेजर म्हणाले.

"डोकं जरा खाली, साहेब," भाऊ म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा, "आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, काय नकला करते! नाट्यगृहात शोभेल अगदी."

"कोणाची?"

"डोकं खाली, साहेब."

तिसऱ्यांदा पेन्शनर खाकरले तेव्हा भाऊंचा हात हलला. मानेवरची शेवटची रेघ ओढत होते, ती डावीकडे उतरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा! एरवी काम झालं की ते मागे छोटा आरसा धरून दाखवत. त्या दिवशी आरसा खणातच राहिला. मॅनेजर कापड झटकून खुशीत निघून गेले, मानेवर उतार घेऊन.

घरी दोघी वाटच बघत होत्या.

"अहो, विचारलंत?"

"खुर्चीत होते."

"मग उठल्यावर विचारायचं, बाबा!"

"उठल्यावर गेले."

टकळी काही बोलली नाही. टकळी बोलत नाही म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. भाऊंनी दोनदा विचारलं, पोट दुखतंय का. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवारकडे नुसतं बोट दाखवलं आणि आत गेली.

गुरुवारी चारला भाऊंनी सलून बंद केलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टकळीला घेऊन निघाले. वाटेत तिनं तालीम घेतली.

"मी मॅनेजर. हं, बोला."

भाऊंनी घसा साफ केला. "डोकं जरा..."

"बाबा!"

नाट्यगृहाच्या मागच्या दारावर पहारेकरी होता. मॅनेजर वर असतील, डावीकडची खोली, असं तो म्हणाला. जिन्यावर रंगाचा आणि जुन्या कपड्यांचा वास होता. टकळी समोर असली की आपली जीभ अडखळेल, म्हणून भाऊंनी तिला बाहेरच थांबवलं आणि उघड्या दारातून आत डोकावले.

खिडकीकडे तोंड करून मॅनेजर खुर्चीत बसले होते. करडा कोट, आणि वर ते डोकं. टाळूवर रुपयाएवढं विरळ, कानांमागे दाट, सगळं भाऊंच्याच हातचं. भाऊंना हायसं वाटलं. तोंड समोर नाही, पाठ समोर आहे, म्हणजे बोलणं सोपं. पाय आपोआप खुर्चीमागे जाऊन ठरल्या जागी उभे राहिले. ही खुर्ची आपली नव्हे, गळ्याला कापड नाही, तेव्हा नियम लागू होत नाही, असं त्यांनी मनाशी नक्की केलं आणि बोलायला लागले.

"साहेब, बावीस वर्षांत काही मागितलं नाही. आज मागतोय. माझी मुलगी आहे. बोलते फार, पण खोटं बोलत नाही. तिला दहा दिवस इथं राहू द्या. झाडू मारायला सांगा, पाणी भरायला सांगा. नाटक असलेल्या घरात फक्त असू द्या तिला. आणि साहेब, मंगळवारी माझ्याकडून तुमच्या मानेवर..."

एवढं म्हणून त्यांनी मानेकडे पाहिलं. रेघ सरळ होती.

दोन दिवसांत तिरकी रेघ सरळ होत नसते. भाऊ पुढे वाकले, बाजूनं गेले, समोर आले. कोटाच्या वर तोंडच नव्हतं. कापसाचा एक गोळा होता, त्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं.

कपड्यांच्या रांगेमागून घुसमटल्यासारखा आवाज आला. एक जाडजूड बाई बाहेर आल्या, तोंडात टाचण्या, डोळ्यांत हसून हसून पाणी. नाट्यगृहातले विग त्या करत. टाचण्या तोंडात असल्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना भाऊंना थांबवता आलं नव्हतं. थांबवायचं होतं का, ते त्यांनाच ठाऊक.

"बसा. साहेबांची खोली पलीकडची," टाचण्या काढून त्या म्हणाल्या. "इतकं छान तर आमचे नटही बोलत नाहीत याच्याशी."

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. नव्या नाटकात एक खडूस साहेब आहे, अर्धं नाटक प्रेक्षकांकडे पाठ करून बसणारा. दिग्दर्शकाला वाटलं, लांब कशाला शोधायचं, आपले मॅनेजर आहेतच. "मॅनेजरांना अजून पत्ता नाही. तुम्हीही बोलायचं नाही." भाऊंच्या पोटात आणखी एक गुपित गेलं. "पण काय हो, मागून नकली ओळखलंत कसं?"

भाऊंनी मंगळवारचा गुन्हा कबूल केला. बाई पुन्हा हसल्या. तेवढ्यानं धीर येऊन भाऊ म्हणाले, "राग नका मानू, पण डाव्या कानामागचे केस खाली वळवलेत तुम्ही. साहेबांचे तिथले वर वळतात. कितीही दाबा, ऐकत नाहीत." बाईंनी कंगवा पुढे केला.

आत हसणं चाललंय हे ऐकून टकळी कधीच दार ढकलून आली होती. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला.

"मॅनेजर!" बाई कुजबुजल्या.

भाऊंच्या हातातला कंगवा तसाच राहिला. टकळीनं मात्र पलंगपोसासारखं एक कापड ओढलं, बाहुल्यावर डोक्यापासून टाकलं आणि दारात आडवी उभी राहिली.

"पुढे या, पुढे या. नाव? वय? काय होतंय?"

मॅनेजर खरोखरच वय सांगायला लागले होते, तेवढ्यात भानावर आले. "ही कोण?"

भाऊंनी एका दमात मुलीचं सगळं सांगितलं, समोरासमोर, नजर साहेबांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर ठेवून. मॅनेजरांनी ऐकून घेतलं. रंगमंचावर शाळेची मुलं चालत नाहीत, म्हणाले. दिव्यांच्या खोलीत तर नाहीच.

"माझ्याकडे चालतील," बाई म्हणाल्या. "मला दोन हात हवेतच. आणि हिचं डोकंही चालतं."

इथे खरं तर भाऊंनी हात जोडायचे. पण त्यांचा चेहरा उतरला. केस! मुलीनं कधी कंगवासुद्धा उचलू नये, म्हणून त्यांनी तिला सलूनच्या उंबऱ्याआत फार रेंगाळू दिलं नव्हतं. केसांचं काम या घरात आपल्यापाशी संपावं, एवढीच त्यांची इच्छा. आणि त्यांनी स्वतःच्या पायांनी तिला केसांच्या खोलीत आणून उभं केलं होतं.

टकळीचाही चेहरा पडला होता. तिनं विचारलं, "प्रयोग चालू असताना मी कुठे असेन?"

"विंगेत, माझ्या शेजारी. अंधार झाला की आठ आकडे मोजून व्हायच्या आत नटाचा काळा विग काढायचा, पांढरा चढवायचा. उजेड येतो तेव्हा तो वीस वर्षांनी म्हातारा झालेला असतो."

"आणि बोलायचं?"

"एक अक्षर नाही."

टकळीनं कापडाखालच्या बाहुल्याकडे बघितलं, मग बाबांकडे. भाऊंना वाटलं, आता ही नाही म्हणणार. आणि त्यांना हेही कळलं, की तिनं नाही म्हटलं तर आपल्याला बरं वाटणार नाही.

"आठ आकडे कोण मोजतं?" तिनं विचारलं.

"तू."

"मग चालेल."

मॅनेजरांनी सही केली. जाता जाता म्हणाले, "पण भाऊ, मंगळवारी तासभर माझ्या डोक्यापाशी होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा तुम्ही खुर्चीत होतात, साहेब."

"हं." त्यांचा हात मानेकडे गेला. "आणि ऑफिसात दोन दिवस सगळे माझ्या मागे हसतायत ते?"

"उद्या सकाळी या. तेही सरळ करतो."

घरी आईनं फॉर्म वरपासून खालपर्यंत तपासला. कुठल्या नाटकातही सापडणार नाही, अशा आवाजात म्हणाली, "दहा दिवस? न बोलता? बघू या."

तिसऱ्या दिवशी तालमीत टकळी विंगेत बोलली. फार नाही, पण रंगमंचावरच्या नटानं वळून पाहिलं. बाईंनी तिच्या ओठांत एक टाचणी दिली. "मी उगाच नाही धरत," म्हणाल्या. तेव्हापासून टकळी घरीही टाचणी धरून वावरू लागली आणि आईला घर इतकं शांत वाटू लागलं, की ती दोनदा शेजारी जाऊन बसली. हात मात्र मुलीचे चांगले चालत. कुणी शिकवलं, विचारल्यावर ती म्हणे, उंबऱ्याबाहेरूनही दिसतं सगळं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. भाऊ आणि आई सातव्या रांगेत, पुढच्याच खुर्चीत मॅनेजर, मान आता सरळ. पडदा वर गेला. खडूस साहेब पाठ करून बसलेला. डाव्या कानामागचे केस वर वळलेले. नाट्यगृहाचे सगळे कर्मचारी तोंडाला रुमाल लावून बसले. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते मॅनेजर. मागे वळून भाऊंना म्हणाले, "असा एक माणूस माझ्या बघण्यात आहे हो, कोण ते आठवत नाही." आपली मान आपण कधी बघितलेली असते! भाऊ म्हणाले, "डोकं जरा खाली, साहेब, मागच्यांना दिसत नाही."

मग अंधार झाला. भाऊ मोजू लागले. चारपाशी बायकोनं त्यांचं मनगट धरलं. सहा. सात. उजेड आला. नट पांढऱ्या केसांनी उभा होता, भांग दोरी धरल्यासारखा.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली नाट्यवर्गाचा फॉर्म होता. नाव, वय, पत्ता, सगळं आईच्या खिडकीवरच्या अक्षरात भरलेलं. तिनं तो कधी आणला, कुणाला कळलं नाही. फक्त पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. टकळीला बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडात टाचणी होती.

भाऊंनी पेन शोधलं.

"करा सही," आई म्हणाली. "आणि रेघेवर करा हं. तिरकी नको."