दोन परूस पाणी

उन्हाळा लागला की आमच्या घरी कलिंगड येतं, आणि ते कापायची वेळ झाली की मी उठून गोठ्याकडे जातो. घरच्यांची समजूत अशी की म्हाताऱ्याला थंड सोसत नाही. नातवंडं सुट्टीला पुण्याहून येतात, त्यांनाही तेच सांगितलंय. दुसरी समजूत अशी की मळ्यातल्या विहिरीत एक माणूस दारू पिऊन पडला आणि मेला, म्हणून मी मुलांना तिथं पोहू देत नाही. दोन्ही समजुती मी वाढू दिल्या. पहिली किरकोळ आहे. दुसरी खोटी आहे. त्या दिवशी विहिरीवर आम्ही तिघं होतो. आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितोय.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना, भीमेच्या अलीकडं. नदी ओलांडली की दौंड. विहीर मोटेच्या काळातली. मोट कधीच गेली, पण बैल ज्या उतारावरून पळायचे ती धाव आणि मोट जिथं रिती व्हायची ते दगडी थारोळं तसंच राहिलं. धाव विहिरीकडं चढत जाते. खालच्या टोकाला उभ्या माणसाला विहिरीतलं काही दिसत नाही, फक्त थारोळ्याचा दगड आणि वरचं आभाळ दिसतं.

माझा मित्र बौद्ध वस्तीतला. हायस्कूलला आम्ही एका बाकावर. माझे वडील होते तोवर त्याला त्या विहिरीच्या काठावरसुद्धा येऊ देत नसत. आम्ही दोघं पोहायला शिकलो ते कॅनॉलला, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. वडील गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला मळ्यात बोलावलं. तो धावेवरून पळत आला आणि थारोळ्यावरून जी उडी मारली ती थेट मधोमध. वर आला, तोंडात पाणी घेतलं, चूळ टाकेल असं मला वाटलं. त्यानं ते गिळलं.

"गोड हाय रं," म्हणाला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आमचा एक दिवस ठरलेला. तो नदीपलीकडं, पाटसच्या बाजूला, साखर कारखान्यावर सीझनला जायचा. गाळप संपलं की मे महिन्यात मोकळा. मी, तो आणि माझा एक चुलतभाऊ. आदल्या संध्याकाळी नदीच्या वाळूतल्या वाडीवरून कलिंगड आणायचं आणि गार व्हायला विहिरीत सोडायचं. सकाळी भीमेवर जाऊन चिलापी मासळी आणायची. चिंचेखाली तीन दगडांची चूल. रस्सा तोच करायचा, भाकऱ्या घरून. बुक्कीनं फोडलेला कांदा आणि कैरीचा ठेचा. तो रांधतो आणि आम्ही खातो हे मी आईला कधी सांगितलं नाही. हेही इथं लिहून ठेवतो.

जेवायच्या आधी तो उडी मारून कलिंगड काढायचा. त्याची एक पद्धत होती. धावेच्या खालच्या टोकाला जायचा आणि ओरडायचा, "पाणी किती हाय?" विहिरीच्या काठावर जो असेल त्यानं बघायचं आणि सांगायचं, "दोन परूस!" परूस म्हणजे एक पुरुष उंची. कॅनॉलच्या पाझरामुळं आमच्या विहिरीत ऐन मे महिन्यातही दोन परूस पाणी टिकायचं, म्हणून उत्तर दर वर्षी तेच. उत्तर आलं की तो पळत सुटायचा.

त्या वर्षी आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा यायची. रात्री उठून मोटार चालू करायला नको म्हणून मी स्टार्टरला ऑटो बसवला होता. लाईट आली की मोटार आपोआप चालू. आदल्या संध्याकाळी कलिंगड विहिरीत सोडलं आणि ऑटो टाकून मी घरी गेलो; रात्री उपसलेली विहीर दुपारपर्यंत पाझरानं परत भरायची. रात्रीचा आठवडा संपून त्या सकाळपासून दिवसाचा लागला होता, हे माझ्या ध्यानातून गेलं. आम्ही नदीवर गेलो आणि मागं लाईट आली. अर्धा दिवस मोटार चालली, पाणी पाइपानं लांबच्या उसाला गेलं. आम्ही परतलो तेव्हा, उन्हाळ्यात जाते तशी, लाईट गेली होती. सगळं शांत होतं.

चुलतभावानं बाटली काढली. गावातल्या देशी दारूच्या दुकानात त्याची भागी होती. मीही घेतली.

"तुला वतू का?" त्यानं मित्राला विचारलं.

"नगं. घरी सरकार हाय."

"बायकूला भितो लेका."

"भितो की. तुझी बायकू तसली असती तर तूबी माणसात असतास."

तिघंही हसलो. त्याची बायको तेव्हा ते दुकान बंद करायच्या मागं लागली होती. दारूबंदीसाठी बायकांचं मतदान व्हायचं होतं. आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. ती घरोघर फिरत होती. त्यानं लग्नाच्या वेळीच तिला शब्द दिला होता, आणि मी त्याला कधी थेंब घेताना पाहिलं नाही.

रस्सा उकळत होता. त्यानं सदरा काढून चिंचेच्या फांदीला अडकवला. चुलतभाऊ सावलीत लवंडला होता. मी विहिरीच्या काठाशी, पाठ करून, कांदा फोडत बसलो होतो.

"पाणी किती हाय?"

"दोन परूस!"

मी मान वळवली नाही.

त्याचे पाय माझ्या शेजारून धपधप गेले. मग पाण्याचा जो मोठा आवाज यायचा तो आला नाही. दुसराच आवाज आला. मी वाकून बघितलं तेव्हा विहिरीच्या तळाचा खडक उघडा पडलेला, आणि गुडघाभर गढूळ पाण्यात तो होता. त्याच्या खांद्याजवळ कलिंगड हलत होतं. आम्ही दोघं वरून त्याला हाका मारत असतानाच लाईट आली. स्टार्टर खट् वाजला आणि मोटारीनं उरलेलं पाणी ओढायला सुरुवात केली. तेव्हा मला सगळं कळलं.

माणसं जमली. बाजेला दोर बांधून त्याला वर काढलं. न्हावऱ्याच्या पुढं जीप जाईपर्यंत तो गेला. पण त्याआधी, विहिरीवरच, कोणीतरी विचारलं, "आसा कसा पडला?"

चुलतभाऊ म्हणाला, "घेतली व्हती. किती सांगितलं, ऐकलं न्हाई." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

बाटली तिथंच पडलेली. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. त्यानं घेतली नव्हती असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता की मग उडी मारली कशी, पाणी किती आहे ते सांगितलं कोणी. चुलतभावाला दुकान वाचवायचं होतं, मला मी. तो आता हयात नाही. सगळं त्याच्या माथी मारून मी मोकळा होऊ शकतो. पण त्याचं एकट्याचं गावानं ऐकलं नसतं. माझं ऐकलं. आम्ही जिवाभावाचे होतो हे सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यातून प्रेत बांधूनच आलं. डोक्याला मार, एवढंच सगळ्यांना कळलं, पुढं कोणी काही विचारलं नाही. त्याची बायको रडताना मी पाहिली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं तोंड रागावलेल्या माणसाचं होतं. पुढं ती पुन्हा बायकांकडं जायला लागली तेव्हा पारावर बसलेला एक जण तिला ऐकू जाईल असं बोलला, "आधी घरातली बाटली आडवी कर म्हणावं." लोक हसले. मीही तिथंच बसलो होतो. मतदानाला पुरेशा बायका आल्या नाहीत. दुकान राहिलं. ती मुलीला घेऊन खुटबावला भावाकडं निघून गेली.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मोटार बदलली, पाइप बदलले. आता मुलानं मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. तरी लाईट आल्यावर तो आतून खट् वाजतोच, आणि मी जिथं असेन तिथं माझा हात थांबतो. दुपारी बाहेर माणूस नसतं. उन्हात धाव पांढरी दिसते. मी ओसरीवर पडलेला असतो आणि धावेच्या खालच्या टोकाकडून तो विचारतो. आवाज चढवून नाही, सहज, भूक लागलेल्या माणसाचा. बायको म्हणते, तुम्ही दुपारच्या डुलकीत 'थांब, बघतो' म्हणता. तिला वाटतं मी गुरांविषयी बोलतो.

यंदा धाकट्या नातीनं विचारलं, "आबा, तो दारुडा रोज प्यायचा का?"

तिच्या तोंडातून तो शब्द ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मी न्हावऱ्याहून येणाऱ्या एसटीनं चौफुल्याला गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून फळांच्या गाड्यांपाशी थांबलो. सगळीकडं कलिंगडं रचलेली. डझनभर केळी घेतली आणि वडापच्या जीपमधून खुटबावला उतरलो.

वहिनी अंगणात कुरडया उलटत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"भावजी? कोन गेलं?" त्यांनी विचारलं. एवढ्या लांबून मी मयतीचाच निरोप घेऊन येणार असं त्यांना वाटलं.

मी उभ्यानंच सांगितलं. ऑटोचं सांगितलं, न बघता दिलेल्या उत्तराचं सांगितलं, मान हलवल्याचं सांगितलं.  त्या हातातली कुरडई मोडत होत्या, तुकडे तुकडे करून मांडीवर टाकत होत्या.

"म्हंजी घेतली नव्हती त्येंनी."

"न्हाई. कधीच न्हाई."

"मी त्येंचा फोटो लावला न्हाई भिताडाला," त्या म्हणाल्या. "लेकीच्या लग्नात पाव्हणं इचारायचं, फोटो कुठं हाय. मी म्हनायची, हारवला. पेटीत हाय. एवढी वर्सं मी त्या माणसाला शिव्या घातल्या, भावजी. मनातल्या मनात. शब्द मोडला म्हनून."

मी केळ्यांची पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "जेवलं व्हतं का?"

"न्हाई. रस्सा चुलीवर व्हता."

"आन् कलिंगड?"

"ते तिथंच ऱ्हायलं. कुनी काढलं न्हाई."

त्यांनी मान हलवली, जणू तेवढंच विचारायचं राहिलं होतं. मग मांडीवरचे तुकडे झटकून उठल्या. "मला एकटीला सांगून काय उपेग? माझ्याबरं ज्या बाया फिरल्या त्यांच्या म्होरं सांगा. ज्या हसल्या त्यांच्याम्होरं तर सांगाच."

रविवारी त्या भावाच्या मुलाच्या गाडीवर बसून आल्या. वस्तीतल्या विहारात पंधरा-वीस बायका जमल्या. काही माझ्याएवढ्या म्हाताऱ्या. मी परत सगळं सांगितलं. माझा आवाज बारीक झाला की वहिनी म्हणायच्या, "मोठ्यानं."  संपल्यावर मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आत्ता व्हय सुचलं, आबा? मरायच्या टायमाला हात धुवून घ्यायला आलाय."

"व्हय," मी म्हणालो. 

पारावरही बातमी गेलीच. संध्याकाळी एक जण मला म्हणाला, "कशाला जुनं उकरताय? ऊन लागलंय तुमाला." माझ्या मुलानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते तसंच व्हायचं होतं.

त्या रविवारी विहारातून निघताना वहिनी म्हणाल्या होत्या, "हिर दाखवा मला." त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. ऊन डोक्यावर होतं. चिंच अजून आहे, चुलीचे दगड कोणीतरी नेले. त्या धावेच्या खालच्या टोकाला उभ्या राहिल्या, जिथं तो उभा राहायचा तिथंच. मी सांगितलं नव्हतं. तिथून त्यांना थारोळ्याचा दगड आणि आभाळ एवढंच दिसत असणार.

"हितनं इचारायचं का त्ये?"

"व्हय."

त्यांनी वर दगडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी किती हाय?"

मी काठाशी गेलो. गुडघे वाकत नाहीत, म्हणून दगडावर पालथा पडलो आणि डोकं आत घालून बघितलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलो. त्यांनी घाई केली नाही. खाली खडक दिसत होता, आणि त्याच्या कडेनं थोडं हिरवं पाणी.

"गुडघाभर," मी ओरडलो.

"आन् तवा?"

"तवाबी गुडघाभरच व्हतं, वहिनी."